उभ्या केलेल्या बाटल्या

मी दारूच्या धंद्यात गेलो ही बातमी आमच्या मोहोपाड्याच्या कॉलनीत माझ्या आधी घरी पोचली होती. अठ्ठावीस वर्षं मी रसायनीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. नमुना घ्यायचा, तपासायचा, सही करायची, बाटली फळीवर ठेवायची. निवृत्त होऊन दोन महिने होत नाहीत तोवर एका ओळखीच्या माणसाने मुंबईच्या एका हाडांच्या डॉक्टरांशी गाठ घालून दिली. या डॉक्टरांनी कर्जत आणि खालापूरच्या मधल्या पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याशी उतारावर द्राक्षं लावली होती आणि तिथेच ते वाईन बनवत होते. त्यांना केमिस्ट हवा होता. मला घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा काहीही चाललं असतं. होकार देऊन संध्याकाळी घरी आलो, तर शेजारचे निवृत्त फोरमन आमच्या सोफ्यावर हजर.

"काय टिपणीस, म्हातारपणी बारमध्ये लागलात म्हणे?"

"बारमध्ये नाही हो. प्रयोगशाळेत."

"तेच ते. शनिवारी काही उरलंसुरलं असेल तर आणत जा."

असली माणसं पुढची नऊ वर्षं भेटत राहिली. एका रविवारी एक बिल्डर सहकुटुंब आला, चार घोट घेतले आणि मला बाजूला घेऊन विचारता झाला, "ही चढायला किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "तुम्हाला घाई असेल तर हायवेला दुसरी दुकानं आहेत." माथेरानच्या एका हॉटेलवाल्याने तर अख्खा खोका घोड्यावरून खाली पाठवून दिला. का, तर बाटलीच्या तळाशी काचेचे तुकडे आहेत! ते तुकडे म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाचे खडे. बाटली गार पडली की ते तळाशी बसतात, साखरेसारखे दिसतात आणि कुणालाही काही करत नाहीत. मी स्वतः वर गेलो, मॅनेजरसमोर चमचाभर खडे तोंडात टाकले आणि चावून गिळले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आता ॲम्ब्युलन्स कुठून आणायची, माथेरानला तर गाडी येत नाही.

हे सगळं हसत सांगता येतं. ज्यासाठी लिहायला बसलोय ते हसत सांगता येत नाही.

शार्डोने हे पांढऱ्या द्राक्षाचं नाव. त्याची वाईनही त्याच नावाने ओळखतात. सगळी वाईन जुनी झाली की चांगली होते ही समजूत ज्याने पसरवली त्याला मला एकदा भेटायचंय. शंभरातल्या नव्वदाहून जास्त बाटल्या वर्षा-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, नंतर त्या नुसत्या म्हाताऱ्या होतात. ठेवून चांगली होणारी वाईन क्वचित जमते. तिला द्राक्षातच आम्ल लागतं, अंग लागतं, आणि हे दोन्ही एकाच दिवशी वेलीवर हजर असावं लागतं. आमच्या पट्ट्यात पाऊस कसा पडतो हे सांगायला नको. इथे शार्डोने लावणं हा शुद्ध वेडेपणा होता. नाशिककडचे लोक डॉक्टरांना तोंडावर हसायचे. हसायचे ते बरोबरच होतं.

हा वेडेपणा चालवत होती सगुणाबाई. खालच्या गावातली, पस्तिशीची, सावळी, बोलायला फटकळ. लग्नानंतर आठ हंगाम ती नवऱ्याबरोबर नाशिककडे द्राक्षबागांत मजुरीला जात होती. तिथे छाटणी, विरळणी, फवारणी सगळं हाताने शिकली. गावाशेजारीच द्राक्षं लागली हे कळल्यावर स्वतः डॉक्टरांच्या गाडीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला ठेवा. तुमच्या मानसांना काडी धरता येत नाय." तिच्या हाताखाली वीस बायका होत्या. दसऱ्यानंतर बिऱ्हाड पाठीवर टाकून निघायचं, हे तिचं त्या वर्षापासून बंद झालं. वेली आहेत तोवर गाव सोडायचं नाही, असा तिचा हिशेब होता.

माझं आणि तिचं पहिल्या दिवसापासून वाजायचं. मी आकड्याचा माणूस, ती जिभेची. मी म्हणायचो, "साखर एकवीस आली." ती म्हणायची, "यील. पन चव नाय आली." मी तिला सांगायचो की चव मोजता येत नाही. ती म्हणायची, "मंग तुमाला पगार कशाचा देतात सायेब?" वीस बायका खो-खो हसायच्या. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याशी वाद घालायला मी मुद्दाम बागेतूनच प्रयोगशाळेत जायचो.

आता तो हंगाम.

आपल्याकडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. उन्हाळ्यात खरड छाटणी, त्यातून नवी काडी तयार होते. पावसाळा सरला की गोडी छाटणी, त्यातून घड येतो. गोडी छाटणीची तारीख म्हणजे सगळ्या वर्षाचं नशीब. लवकर छाटलं आणि पाऊस परत फिरला, तर कोवळ्या फुटीवर डाऊनी येते. डाऊनी म्हणजे पानामागची पांढरी बुरशी, आठवड्यात सगळा मांडव काळा करून टाकते. उशिरा छाटलं तर तोडणी उन्हाळ्यात ढकलली जाते, आणि उन्हाने द्राक्षातलं आम्ल पळतं. शार्डोने यात सगळ्यात नाजूक.

आमच्या सल्लागार मॅडम नाशिककडे असायच्या, महिन्यातून दोनदा यायच्या. वाईनमधलं त्यांना कळायचं तेवढं कुणालाच कळायचं नाही, हे मी आजही म्हणेन. त्यांनी फोनवर तारीख दिली, ऑक्टोबरची पाच. पाच तारखेला सकाळी मी बागेत गेलो तर वीस बायका कात्र्या मांडीवर ठेवून बांधावर बसलेल्या.

"काय झालं?"

"नाय कापायची," सगुणाबाई म्हणाली.

"मॅडमनी सांगितलंय."

"मॅडम तिकडं हायत. ढग हिकडं हाय. सांच्याला वारा अजून दर्याकडनं येतो. माथेरानच्या अंगावर बसलाय तो उठू दे, मंग कापू."

मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर फोनवर ओरडले. मी फोन तिच्या कानाला लावला, ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "डाक्टर, तुमी हाडं बघता ना? मी वेल बघते." मग डॉक्टर मला म्हणाले, "टिपणीस, तुम्ही बघून घ्या."

मी काय बघून घेतलं ते ऐका. कारखान्यात एक रिवाज असतो. ठरलेल्या पद्धतीपासून कुणी हटलं की त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यायचं : काय बदललं, का बदललं, जबाबदार कोण. अठ्ठावीस वर्षं मी असले कागद गोळा केले. मी तिथेच बांधावर बसून तिच्या नावाने लिहिलं की गोडी छाटणी ठरल्या तारखेला न करण्याचा निर्णय माझा असून त्याची सर्व जबाबदारी माझ्यावर राहील. तिने ते दोनदा वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, ओळीवर बोट ठेवून वाचलं. "एवढंच ना?" म्हणाली आणि सही केली. कागद मी फाइलला लावला.

नऊ दिवसांनी पाऊस आला. दुपारी तीनला आभाळ काळं झालं आणि तीन दिवस नुसता कोसळत होता. पाच तारखेला छाटलं असतं तर तेव्हा वेलीवर बोटभर कोवळी फूट असती आणि सगळी गेली असती. सगुणाबाई शेडच्या दारात उभी राहून पावसाकडे बघत होती. मला म्हणाली, "लिवा आता कागदावर." मी काही लिहिलं नाही. जबाबदारी लिहून घ्यायची असते, शाबासकी लिहून घ्यायचा कागद कारखान्यात नसतो.

सतरा दिवस उशिरा छाटणी झाली. छाटणीनंतर काड्यांवरचे डोळे एकसारखे फुटले, असे फुटले की मॅडम येऊन बघून गेल्या. त्या वर्षी थंडीही मनासारखी पडली. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उतारावर पाय ठेवला की दवाने बूट भिजायचे आणि दुपारी फार ऊन चढायचं नाही. घडांजवळची पानं तिने फक्त उगवतीच्या बाजूने काढली. मावळतीकडचं एक पान काढू दिलं नाही. एका पोरीने चुकून काढलं तर तिला दिवसभर ओळीतून हाकललं, "तिकडचं ऊन द्राक्षाचे मनी भाजतं गं! तुला बसवू का उनात?"

फेब्रुवारीचा शेवट आला आणि अचानक तापायला लागलं. रोज सकाळी मी मणी गोळा करायचो, रस काढायचो, मोजायचो. साखर चढत होती, आम्ल उतरत होतं. मॅडमनी आम्लाचा एक आकडा दिला होता, त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. सोमवारी आकडा बरोबर त्या रेषेवर आला. मी म्हटलं उद्या तोडा. सगुणाबाईने मणी तोंडात टाकला, बी दातांत धरली.

"बी कोवळी हाय अजून. दाताखाली कुरकुरली पायजे. चार दिस."

"चार दिवसांत आम्ल जाईल."

"थोडं जाईल. बाकीचं यील."

आमच्या वादात मॅडमनी तिची बाजू घेतली. शुक्रवारी ऊन डोंगरावर यायच्या आत सगळी तोडणी झाली. माझ्या मोजमापात आम्ल रेषेच्या जरासं खाली होतं. मी ते लिहून ठेवलं. मॅडम रस चाखून म्हणाल्या, "आकडा कमी आहे, पण तोल आहे. यात वरून काही घालायचं नाही." तोल लिहायला माझ्या वहीत रकाना नव्हता.

तो रस लाकडी पिंपांत आंबवला. अकरा महिने तिथेच राहिला. दर आठवड्याला आम्ही काठीने तळाचा गाळ ढवळायचो, त्याने वाईनला अंग येतं. बाटल्या भरायच्या आधी मॅडमनी पिंपातून ग्लास भरला, वास घेतला, घोट घेतला आणि पुन्हा एक घोट घेतला. डॉक्टर कासावीस. शेवटी म्हणाल्या, "ही आत्ता विकायची नाही. पाच वर्षं ठेवा. मी इतक्या वर्षांत ठेवण्यासारखी शार्डोने आपल्याकडे दोनदाच चाखली. ही तिसरी." मग माझ्याकडे वळल्या, "छाटणी कुणी थांबवली होती?"

"सगुणाबाईंनी."

"त्यांना बोलवा." आणि मॅडमनी तिचा हात हातात घेतला. सगुणाबाईला काय करावं कळेना. हात सोडवून घेऊन पदराला पुसत राहिली.

डॉक्टरांचे दोन भागीदार होते, एक मेहुणा आणि एक मित्र. त्यांना वेलींत रस नव्हता, उतारावर बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. डॉक्टरांनी त्या दिवशी आमच्या सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पाच वर्षांनी ही बाटली उघडायची. मॅडम म्हणतात तशी निघाली तर वेली राहतील. नाही निघाली तर मी प्लॉटला सही करेन." सगुणाबाई म्हणाली, "पाच वर्सं काय, धा ठेवा." सहाशे बाटल्या डोंगरात खोदलेल्या तळघरात आडव्या रचल्या.

पुढच्या हंगामांतलं एकही त्या तोलाचं निघालं नाही. दोन हंगाम तर डाऊनीनेच खाल्ले. म्हणजे सगळी भिस्त त्या सहाशे बाटल्यांवर. आणि त्या सहाशे बाटल्या माझ्या ताब्यात.

मॅडमचं आणि डॉक्टरांचं वाजलं, मॅडमनी येणं बंद केलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात तळघराच्या जमिनीवर ओल आली. बुचांवर बुरशीचे ठिपके दिसले, सात-आठ बाटल्यांच्या तोंडाशी चिकट ओघळ दिसला. मला रात्री झोप लागेना. अठ्ठावीस वर्षं ज्याने ॲसिडच्या बाटल्या सांभाळल्या त्याला आडवी बाटली बघवत नाही. आमच्याकडे आडवी बाटली म्हणजे अपघात. बाटली उभी, लेबल समोर, हवा कोरडी. हे माझ्या हाडात होतं.

मी सुताराकडून नव्या फळ्या करून घेतल्या. सगळ्या बाटल्या पुसून उभ्या केल्या, लेबलं एका रेषेत. हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र बसवलं. आठ दिवसांत तळघर असं झालं की कारखान्याचा तपासनीस बघून खूश झाला असता. मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवले. त्यांनी अंगठा पाठवला.

सगुणाबाई खाली आली होती. जरा वेळ बघत राहिली.

"सायेब, मॅडमनी तर आडव्या निजवल्या हुत्या ना?"

"गळत होत्या."

"पन त्यांनी मुद्दाम तशा..."

"सगुणाबाई, बागेतलं तुम्ही बघा. इथलं मला शिकवू नका."

ती वर गेली. केमिस्ट माणूस सांगतोय म्हटल्यावर ती तरी काय बोलणार?

बाटली आडवी का ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्याच महिन्यात मॅडमनी सांगितलं होतं. वाईन बुचाला लागून राहिली की बूच ओलं राहतं, फुगून गच्च बसतं. उभी ठेवली की बूच सुकतं, आकसतं, आणि हवा आत शिरते. हवा शिरली की वाईन संपली. ऐकलं होतं, मान डोलावली होती. पण ओल दिसल्यावर डोक्यात दुसराच मनुष्य जागा झाला, अठ्ठावीस वर्षं कारखान्यात मुरलेला. त्याने एकदाही मॅडमना फोन करावा असं सुचू दिलं नाही. वर ते यंत्र. बुचं मी स्वतःच्या हाताने, विजेचं बिल भरून सुकवली.

साडेतीन वर्षं त्या तशा उभ्या राहिल्या.

पाच वर्षं भरली तेव्हा डॉक्टर दोन्ही भागीदारांना घेऊन आले. वरच्या हॉलमध्ये पांढरं कापड घातलेलं टेबल. डॉक्टरांनी सगुणाबाईलाही बोलावलं होतं. ती लग्नाकार्यात नेसायचं लुगडं नेसून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

मी पहिली बाटली उघडायला घेतली. बुचात स्क्रू घातला आणि बुचाचा भुगा झाला. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. ग्लासात ओतली तर चहाचा रंग. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, शिळा. दुसरी उघडली. तिसरी. सहावी. सगळ्यांची तीच गत.

मेहुणा म्हणाला, "हे लोणच्यात घालायला बरं आहे." मित्र हसला. डॉक्टर हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले, "टिपणीस, काय झालं हे?"

तिथे मला एक वाक्य बोलायचं होतं. बाटल्या मी उभ्या केल्या. चार शब्द. माझं तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "फाइल बघतो."

फाइल आणली. छाटणी सतरा दिवस उशिरा. तोडणी चार दिवस उशिरा. आम्ल रेषेच्या खाली. प्रत्येक आकडा खरा. मी म्हणालो, "मुळातच ही ठेवण्याजोगी नव्हती. आम्ल कमी असलं की वाईन टिकत नाही." आणि मग, देवा शप्पथ सांगतो, कुणी मागितला नसताना, मी तो कागद काढला आणि वाचून दाखवला. निर्णय माझा असून त्याची सर्व जबाबदारी माझ्यावर राहील. खाली सही.

सगुणाबाई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता बोलेल, उभ्या बाटल्यांचं विचारेल. मी आतून तयार होत होतो, उत्तर जुळवत होतो. ती हळू आवाजात म्हणाली, "आकडे सायेबांकडं हायत. मंग माझंच चुकलं आसंल."

आणि मी तिला चुकू दिलं.

पंधरा दिवसांत जेसीबी आला. वेली मुळासकट उपटून उताराच्या कडेला ढीग केला. तिच्या गावात गोष्ट अशी पसरली की सगुणाच्या हट्टापायी बाग गेली. वीस बायकांचं काम गेलं, त्या तिला पाणवठ्यावर ऐकवायच्या. नवरा ऐकवायचा तो वेगळाच. हे मला तिथल्या वॉचमनने सांगितलं. मी म्हटलं, "अरेरे." खरंच म्हटलं असं, अरेरे.

माझं शेवटचं काम तळघर रिकामं करायचं होतं. उभ्या बाटल्या गटारात ओतल्या. कोपऱ्यातलं एक रिकामं पिंप हलवलं तर त्याच्या मागे आठ बाटल्या. आडव्या. फळ्या बसवताना पिंपाआड राहून गेल्या होत्या. धूळ, बुरशी, सगळं अंगावर. मी त्या पिशवीत घालून घरी आणल्या.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक उघडली. बूच सरळ, ओलं, अख्खं निघालं. ग्लासात पिवळीधमक. नऊ वर्षं शिकून मला एवढं नक्की कळत होतं की समोर काय आहे. आधी लिंबाची धार, मग भाजलेल्या बदामाची चव, मग लोण्यासारखं काहीतरी जिभेवर पसरलं, आणि घोट गिळल्यावरही ती चव किती वेळ जाईचना. पाच वर्षं झाली होती आणि ती अजून जवान होती. मॅडमनी म्हटलं होतं त्याहून सरस. मी ओट्याला धरून उभा राहिलो आणि मला रडू आलं. मी चौसष्ट वर्षांचा असताना वडील गेले तेव्हा आलं नव्हतं.

बायकोने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "मला यातलं काही कळत नाही," म्हणाली, "पण त्या बाईचं चुकलं नव्हतं, एवढं कळलं. तिला कधी सांगताय?"

तरी मला जायला दोन वर्षं लागली. बायको रोज विचारायची नाही. आठवड्यातून एकदा विचारायची, भाजी वाढता वाढता. ते जास्त वाईट होतं.

सगुणाबाई त्याच उतारावर होती. आता तिथे बंगल्यांचे प्लॉट, कमान, बाहेरून आणलेली हिरवळ. ती ठेकेदाराकडे माळीकाम करत होती, हातात पाण्याचा पाइप. मी सगळं सांगितलं. उभ्या बाटल्या, यंत्र, बुचं, आठ आडव्या बाटल्या. सोबत एक आणली होती, ती पुढे केली. तिने हात लावला नाही.

"ही चांगली निघाली?"

"फार चांगली. तुमचं सगळं बरोबर होतं. छाटणीही, तोडणीही."

"ते मला हुतंच ठावं," ती म्हणाली. "नाय, खोटं कशाला बोलू? नव्हतं ठावं. दोन वर्सं झाली, मी रोज तेच इचार करते. कापली आसती पाच तारखेला तर? तोडली आसती सोमवारी तर? माझ्या हातावरचा माझा भरवसाच गेला. घरची मिरची लावताना सुदिक हात थांबतो." तिचा आवाज चढला. "आन् मी इचारलं हुतं तुमाला! तळघरात इचारलं हुतं, सायेब!"

"हो. विचारलं होतंत."

"आता मला एकलीला सांगून काय उपेग? ज्यांच्याफुडं कागद वाचलात त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं, अगदी कागदासकट. ऐकून ते हसले. वाईट हसले नाहीत, दवाखान्यात पेशंटला धीर देताना हसतात तसे हसले.

"अहो टिपणीस, अजून तेच घेऊन बसलात? बिनशेतीचा अर्ज आम्ही आदल्या वर्षीच खालापूरला टाकला होता. नकाशेही तयार होते. त्या दिवशी बाटलीतून अमृत निघालं असतं तरी वेली जाणारच होत्या. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

लिहायला लाज वाटते, पण मला हलकं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोप लागली. म्हणजे वेली माझ्यामुळे गेल्या नव्हत्या! ही बातमी सगुणाबाईला सांगितली पाहिजे असं मला वाटलं. पोरगा पास झाल्याचे पेढे वाटायला निघावं, तसा मी दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीने निघालो.

ती कमानीजवळच पाणी घालत होती. मी धापा टाकत सांगितलं. तिने पाइप खाली ठेवला, नळ बंद केला आणि पुन्हा एकदा सगळं नीट सांगायला लावलं. मी सांगितलं.

"म्हंजी वेली तशाबी जानार हुत्या."

"हो."

"तुमी त्या दिशी खरं बोलला आसता तरीबी."

"हो ना! तेच तर सांगतोय. तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळेही नाही. कुणाच्या हातात काही नव्हतंच."

सगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं.

"मंग सायेब, माझं नाव तेवढं तुमच्या हातात हुतं."